खांदे पाडून चालायची तुमची शिस्त

आत्या,

प्रिय लिहायला हात वळेना, म्हणून नुसतंच आत्या. परवा माकणीत तुमचं वर्षश्राद्ध झालं. जो तो म्हणत होता, आत्यांनी घरातल्या पोरींना काय शिस्त लावली! ते ऐकून डोकं असं फिरलं, की घरी आल्या आल्या लिहायला बसले.

शिस्त! असली शिस्त चुलीत घाला.

मी जरा मोठी दिसायला लागले अन् तुमची कटकट चालू. "छाती काढून काय चालतीस गं? पैलवान हायस व्हय?" वर दोन्ही खांदे धरून पुढं दाबायचात. पाणी आणताना, शाळेत जाताना, तुमची नजर आपली तिथंच. लाज नाही वाटली, पोरीच्या अंगाकडं असं टक लावून बघायला?

आता चाळिशीत मान वर होत न्हाय. पाठ दुखते म्हणून धाराशिवला फिजिओथेरपीच्या बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "पाठीचं नंतर बघू. पुढचं अंग आखडलंय तुमचं, ते आधी ताणा." दाराच्या चौकटीत उभं राहायचं, दोन्ही हात चौकटीला टेकवायचे अन् छाती हळूहळू पुढं काढायची. उंबऱ्यात उभं राहायचं न्हाय, हाही तुमचाच कायदा! रोज सकाळी दोन्ही कायदे एकदम मोडते. लई बरं वाटतं, काय सांगू!

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण श्राद्धाच्या पंगतीत माझी लेक सई वाढत होती, खांदे पाडून, ओढणी गच्च धरून. खो-खो खेळणारी पोर! विचारलं तर म्हणाली, "आजी म्हणली, वाकून चाल, लोक बघतात."

आजी म्हणजे माझी आई. तुमची भावजय, जिला तुम्ही जन्मभर मान वर करू दिली न्हाय. तुम्ही गेलात, पण तुमचं बोलणं तिच्या तोंडी ठेवून गेलात. किती हलक्या मनाच्या हो तुम्ही!

आईवर मी भर पंगतीत ओरडले. ती पुटपुटली, "ताठ चाललं तरी चालतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाय गं." मला रडूच फुटलं. तुमच्यासाठी न्हाय, गैरसमज नको.

आता ऐका. पुढच्या वर्षी तुमचं पान वाढीन, फोटोला हारही घालीन. पण आम्हा तिघींतली एकही तुमच्या पाया पडायला वाकणार न्हाय. उभ्या राहून बघू तुमच्याकडं, नजरेला नजर देऊन.

तुमच्या भावाची लेक,
मंगल