तिसरं पेडल

४ नोव्हें. २००७, जव्हार
संपादक प्रमोदचा फोन. आयातदार एकाच स्पोर्ट्स कारचे दोन प्रकार चालवून बघायला पाठवतोय. लाल: क्लच, गिअरदांडा, सगळं जुनं. करडी: क्लचच नाही; स्टिअरिंगमागच्या पट्ट्या बोटांनी ओढल्या की गिअर बदलतो. भारतात विकायला दोन्हींतली एकच आणणार. "तुमचा लेख वाचून ठरवतो म्हणालाय. जगभर दांडा संपत चाललाय, काका. निदान इथे तरी वाचवा." मजकूर १५ला सकाळी.
हो म्हटलं. पायाचं बोललो नाही.

५ नोव्हें.
डावं पाऊल बधिर. मणक्यातली नस. ऑपरेशन केलं तरी ताकद येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय. चप्पल निसटते ती कळतही नाही. सुलभा शाळेत शिकवून आली, दारातली चप्पल उचलून माझ्यापुढे ठेवली.
"अहो, सांगून टाका त्यांना."
सांगितलं तर पुन्हा चाचणीला गाडी कोण देणार?

११ नोव्हें.
गाड्या आल्या. आधी लाल. मोखाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत स्वर्ग. तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडा असा बसतो की...
चढणीच्या वळणावर पुढचा ट्रक थांबला. क्लच दाबला असं वाटलं. दाबला नव्हता. आचका देऊन गाडी बंद, आणि मागे घसरायला लागली. मागे काळीपिवळी, टपापर्यंत माणसं. सगळी उड्या मारून खाली.
"दगुड लाव रं चाकाला!"
"काय भाऊ, एवढी महागाची गाडी, न् ढकलाया आम्हीच?"
"सायबाला डुलकी लागली आसंल."
हसले. मीही हसलो. पाय हाताने उचलून पेडलवर ठेवला. कुणी पाहिलं का, माहीत नाही.

१२ नोव्हें.
करडी. तोच घाट, एका दमात वर. मी उभ्या आयुष्यात बदलले नसतील इतक्या झटक्यात गिअर. डावा पाय नुसता पडून. मोखाड्यात बाजूला घेतली, बंद केली, आणि रडलो.
गाडी चांगली आहे, की तिने माझ्याकडे पाय मागितला नाही म्हणून चांगली वाटली? सांगता येत नाहीये. इतकी वर्षं दुसरं केलं काय मी, हेच तर सांगितलं.

१३ नोव्हें.
पुन्हा लाल. सुलभा शेजारी येऊन बसली.
"उतर."
"नाही. दरीत जायचं तर दोघं जाऊ."
घाट दूरच, जव्हारच्या बाहेरही पडलो नाही. उतारावर पाय पेडलवरून घसरला. हँडब्रेक तिने ओढला.

१४ नोव्हें.
दोन लेख लिहिले. पहिल्यात दांडा जिंकला. ते सगळं जुन्या आठवणींवर लिहिलंय, या गाडीवर नाही. फाडला. दुसऱ्यात करडी जिंकली. वाचताना प्रत्येक ओळ पायाने लिहिल्यासारखी. तोही फाडला.
प्रमोद: "काका, वाचला ना दांडा?"
"सकाळी पाठवतो."
आजवर कधी मजकूर चुकवला नाही.

१५ नोव्हें., सकाळ
एक वाक्य झालंय. 'लाल गाडी मला घाटात चालवता आली नाही.' एवढंच छापलं तर दांडा मेला. का आली नाही ते लिहिलं तर मी.
फोन वाजतोय. सुलभा आतून, "अहो, घ्या ना."
दुसरं वाक्य अजून—