पत्र्याच्या डब्यातली शेकोटी

९ नोव्हेंबर

"त्या पत्र्याच्या डब्यात माझं बाळ? आई, तू शुद्धीवर आहेस ना?"

म्हणे पत्र्याचा डबा! घर विकून हा ट्रेलर घेतला तेव्हा हीच केल्सी मैत्रिणींना फोटो दाखवत फिरायची — बघा आमचे आईबाबा, कसे मजेत हिंडताहेत! आता स्वतःला मुलगी झाली तर डबा.

आमच्यासारखे चाकांवर राहणारे सगळे थंडी पडली की ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे निघतात. आम्ही तिथून उठून उत्तरेच्या बर्फात, मोंटानात आलो. नातीसाठी. हॅटी तिचं नाव. ट्रेलर उभे करायच्या इथल्या पार्कची मॅनेजर रूथॲन, स्वतःही ट्रेलरमध्येच राहते, जागा दाखवताना म्हणाली, "अगं, थंडीत कुठल्या दिशेला जायचं ते बदकांनासुद्धा कळतं!"

जानेवारीत केल्सी कामावर जाणार. जावई ब्रेंट रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो, म्हणजे त्यांच्या घरात दिवसा बाळाने रडायची सोय नाही. पाळणाघरात नाव घालून ठेवलंय तिने. सख्खी आजी गावाच्या वेशीवर बसलेली असताना पाळणाघर! मी म्हटलं, माझ्याकडे सोड. त्यावर वरचं उत्तर. मग म्हणाली, "गरम असेल, सगळं नीट चालू असेल, तर बघू."

बघू तर बघू. पण हॅटी मला हवीय. दिवसभर हवीय.

१२ नोव्हेंबर

गरम कसं दिसणार? आमच्याकडे गॅसचा हीटर. सुरू झाला की विमान उडाल्यासारखा घरघरतो, बोलणं ऐकू येत नाही. शिवाय गॅस आमच्या खिशातला, म्हणून माझा नवरा वेंडल त्याची कळ इतकी खाली ठेवतो की लोणी फ्रिजबाहेर ठेवलं तरी दगड!

मी म्हटलं, विजेची शेकोटी बसवू. नवीन ट्रेलरमध्ये सगळ्यांकडे असते. भिंतीत काच, आत निखारे, ज्वाळा, खालून गरम हवा.

"लाकूड नाही, धूर नाही, राख नाही," वेंडल म्हणाला, "आणि तिला शेकोटी म्हणायचं? उद्या प्लॅस्टिकचा मासा आणून तळशील!"

मी शांतपणे म्हटलं, इथे वीज भाड्यातच धरलेली आहे.

नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

१५ नोव्हेंबर

बसली शेकोटी! त्यासाठी वेंडलच्या गळ-दोऱ्यांचा कप्पा काढावा लागला. तो सामान छातीशी धरून उभा — "हे कुठे ठेवू?" ट्रकमध्ये ठेव म्हटलं. ट्रकवर त्याचा जीव. ट्रेलर ओढणारा तो ट्रक तो रोज पुसतो, बर्फ पडत असताना पुसतो. गळ तिथे सुखात राहतील.

ज्वाळा मात्र सुंदर. उगाच नावं ठेवत होतो असं वेंडललाही वाटायला लागलंय.

१६ नोव्हेंबर

शेकोटी + टोस्टर = अंधार.

१८ नोव्हेंबर

शेकोटी + मायक्रोवेव्ह = अंधार. वेंडल दाढीत होता, अर्ध्या गालाने बाहेर आला.

आता नियम केलाय. काहीही लावायच्या आधी ओरडायचं, "गरम बंद?" दुसऱ्याने शेकोटीचं बटण दाबून ओरडायचं, "बंद!" ज्वाळा चालू ठेवता येतात, त्यांना वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे दिसायला आग, लागायला काही नाही.

२३ नोव्हेंबर

वेंडल आज शेकोटीपुढे हात पसरून बसला होता. "हाडं कशी मोकळी झाली बघ!" मी सूप गरम करत होते. शेकोटीचं गरम बंद होतं. म्हणजे हा माणूस चित्रावर हात शेकत होता!

सांगितलं नाही. मोकळी झाली असतील तर होऊ देत.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचं सणाचं जेवण केल्सीकडे. टर्की कोरडी होती, पण ते कुणी बोललं नाही. हॅटी हातात मिळाली. लगेच केल्सी मागे उभी — "आई, डोकं धर. आई, हात धुतलेस ना? आई, एवढं हलवू नकोस." दोन मुलं वाढवली मी! दोघांचीही डोकी अजून जागेवर आहेत!

परत येताना ट्रकमध्ये रडले. वेंडलने रेडिओ मोठा केला. तसं रडायला बरं पडतं हे त्याला ठाऊक आहे.

७ डिसेंबर

केल्सी पाहणीला आली. एकटी, बाळाला न आणता. कपाटांच्या कडा पाहिल्या, पायरी पाहिली, खिडकीला हात लावून वारा येतो का पाहिलं. शेकोटीची काच पाहून ओरडलीच, "आग? बाळाजवळ?" मी ज्वाळेवर तळवा ठेवून दाखवला. मग खुर्ची ओढून बसली. पाय लांब केले. बूट काढले!

"ऊब छान आहे गं," म्हणाली.

मी कॉफी करत होते. गरम बंद होतं! पण माझ्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला असेल तर शपथ.

पुढच्या रविवारी हॅटीला घेऊन येते म्हणाली. "एक दिवस बघू, जमलं तर पाळणाघराला नाही सांगते." ती गेल्यावर मी वेंडलला धरून नाचले. तो म्हणाला, "अगं, जमीन हलतेय!" जमीन नेहमीच हलते आमची.

११ डिसेंबर

कडाका. खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी.

आत मात्र मी बाह्या वर करून बसलेय. वेंडल पार्कभर सांगत फिरतोय, "गॅसचा काटा जागचा हलला नाही! हीटर एकदाही लागलेला नाही!" शेजाऱ्यांना घरात बोलावून काटा दाखवतो. गेल्या महिन्यात प्लॅस्टिकचा मासा म्हणणारा हाच.

१४ डिसेंबर

सकाळी नळ सोडला — खोकला आल्यासारखा आवाज, आणि काही नाही. न्हाणीघरात नाही, मोरीत नाही. आज! केल्सी दुपारी येणार, आणि आज!

रूथॲनला बोलावलं. ती आत आली, शेकोटीकडे पाहिलं, वेंडलकडे पाहिलं. "हीटर कधी लागला होता शेवटचा?"

"लागतच नाही," वेंडल अभिमानाने म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. हीटरची निम्मी गरम हवा जमिनीखाली जाते, जिथून पाण्याचे नळ जातात. आमची शेकोटी वरची खोली अशी तापवत होती की हीटरला वाटायचं, झालं की काम! तो झोपलेला. खाली सगळं गोठलेलं. "वरती उन्हाळा आणि पोटात बर्फ. दरवर्षी एक तरी शहाणा हे करतोच. यंदा तुम्ही दोघं."

हे आम्हाला ठाऊक होतं, हे सगळ्यात लाजिरवाणं! पहिल्याच वर्षी शिकलो होतो. फुकटच्या विजेपुढे डोकं चालेनासं होतं माणसाचं.

मग पार्कच्या रिवाजाप्रमाणे हाक गेली आणि रांगेतल्या सगळ्या बायका आपापला केस वाळवायचा ड्रायर घेऊन आल्या. ट्रेलरखाली सगळ्या आडव्या. मध्ये वेंडल — डोक्यावर एक केस नाही, हातात रूथॲनचा गुलाबी ड्रायर. सगळ्यांच्या वायरी आमच्याच विजेच्या खांबाला. कुणीही "गरम बंद?" विचारलं नाही. फाट्! खांबाची वीज गेली ती गेलीच. शेकोटी काळी.

तेवढ्यात केल्सीची गाडी. तिला पहिल्यांदा दिसले ते ट्रेलरखालून बाहेर आलेले बापाचे पाय.

"बाबा मेले का?" ती किंचाळली.

"नाही गं," पाय म्हणाले, "नळ गोठलाय!"

मला वाटलं, आता गाडी वळवून जाते. पण हॅटी रडत होती, भुकेली होती, म्हणून आत आली. पाणी नाही, दिवे नाहीत, शेकोटी नाही. मी नुसती उभी. वेंडल चिखलाने माखून आत आला आणि हीटरची कळ पूर्ण वर फिरवली. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो. विमान उडालं! सगळी भांडी थरथरायला लागली.

आणि हॅटी गप्प. डोळे मोठे करून ऐकलं, जांभई दिली, माझ्या खांद्यावर झोपली. केल्सी हळूच म्हणाली, "आई, ही दिवसा झोपत नाही गं. कधीच नाही." थोड्या वेळाने नळातून पाणीही ठिबकायला लागलं. खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले मी!

तर केल्सी रडायला लागली. म्हणाली, पाळणाघरालाच हो सांगते.

"नळामुळे?"

"नळाचं काय आई, पाणी मी घरून आणलं असतं." मग फ्रिजवरच्या नकाशाकडे बोट केलं. त्यावर वेंडलने आखलेली लाल रेघ, एप्रिलमध्ये निघून थेट अलास्कापर्यंत. "तिला तुमची सवय लागेल. मग तुम्ही ट्रेलर जोडाल आणि जाल. मोठ्या माणसाला सांगता येतं. मला सांगत आलात ना दर वेळी! तिला काय सांगू?"

वेंडल चिखलाचे बूट बघत बसला. तिने हॅटीला माझ्या खांद्यावरून हळूच उचललं. खांदा अजून गरम वाटतोय.

१७ डिसेंबर

नळ ठीक. शेकोटी बंदच ठेवलीय. हीटर घरघरतो. आम्ही दोघं बोलत नाही, हीटरमुळे ऐकू येत नाही असं दोघंही दाखवतो.

अलास्का माझंच स्वप्न आहे, त्याचं नाही. तो फक्त गाडी चालवतो. चिडून म्हणावंसं वाटतं, आम्हाला आमचं आयुष्य नाही का? आहे की. पण त्या पोरीचं वजन खांद्यावरून जात नाही.

२० डिसेंबर

वेंडल सकाळी ट्रक घेऊन गेला. कुठे ते सांगितलं नाही. गळ मात्र घरात आणून ठेवलेत, माझ्या उशीपाशी! विचारीन म्हटलं, आल्यावर.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ट्रक विकला. मला न विचारता. चालत आला गावातून, कान लालभडक. मी ओरडायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "केल्सीला फोन कर. सांग, रोज सकाळी पोरीला तिनंच आणून सोडायचं. आपल्याकडे आता गाडी नाही."