मिठाची दारं

९ फेब्रु., चंद्रपूर
सुरज अजून वॉर्डातच. माझा धाकटा भाऊ, ट्रक चालवतो, वय सव्वीस आणि बीपी म्हाताऱ्याचं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर केळी घेऊनच. पेशंटकडे रिकाम्या हातानं कोण जातं? कोरपन्याच्या मावशीनं तर खास बीपीवालं मीठ आणलं. "सोडियम कमी हाय म्हणते यात. त्याच्या डब्यात हेच टाकजो." खाटेखाली फळांचं दुकान झालंय.

११ फेब्रु.
सकाळी सुरजचे पाय उचलेनात. ईसीजी काढला आणि सगळ्यांची धावपळ. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलेलं, आणखी चढतं तर हृदयच थांबतं. डॉक्टरांनी आधी शहाळी-केळी उचलायला लावली, मग मावशीचं मीठ. सगळ्यांत पोटॅशियमच! आई रडतच सुटली. "मीच आपल्या हातानं पाजून राह्यली होती ना."
धोका टळला. पण किडनी चांगली असताना एवढं साठतं कसं? इथं कोणालाच सांगता येईना. नागपूरला जा म्हणाले.

२० फेब्रु., नागपूर
किडनीच्या मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनीच्या नळ्यांत मिठाची दारं असतात. ती उघडी ठेवायला सांगणारं एक प्रथिन, कायनेज. सुरजचं कायनेज गप्पच बसत नसावं. म्हणून दारं मिटत नाहीत, मीठ रक्तात परत येतच राहतं, बीपी चढतं, पोटॅशियम अडकून पडतं. कदाचित जीनमधल्या एका अक्षराची चूक. तपासायला रक्त घेतलं.
इतकी वर्षं कॉलेजात बायो शिकवतेय, पेशीचं चित्र डोळे मिटून काढीन. तरी अंगावर काटा आला. एक अक्षर!
औषध काय, तर लघवीची जुनी साधी गोळी. मला वाटलं, बाई थट्टा करतायत.

४ मार्च, गोंडपिपरी
थट्टा नव्हती. पोटॅशियम उतरलं, बीपीही. "ताई, डोस्कं कसं हलकं वाटून राह्यलं." माझ्या ताटातली भाकर ओढून खाल्ली मेल्यानं. एवढीशी गोळी आत जाऊन नेमकं तेच दार मिटून धरते... बघतच बसले त्याच्याकडे.

२९ मार्च
रिपोर्ट आला. चूक जीनमध्येच. बहुतेक बाबांकडून. बाबा तरणेताठे शेतात कोसळून गेले. ऊन लागलं, असंच आम्ही म्हणत आलो.
मॅडमना फोनवर विचारलं, दार धरण्यापेक्षा त्या कायनेजलाच गप्प का नाही करत? म्हणाल्या, तशी औषधं शोधताहेत, प्राण्यांत बीपी उतरतंय. पण कायनेजला शरीरात इतर कामंही असतात, ती बिघडायला नकोत. माणसांना मिळायला वेळ आहे.
आणि हो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. माझंही रक्त दिलं. सुरजच्या बायकोला, पूनमला, सहावा महिना.

१६ एप्रिल
माझ्यात नाही. हुश्श म्हटलं आणि लगेच लाज वाटली.
सुरज जेवता जेवता म्हणाला, "माह्या लेकराले असन त? तवर ते नवीन औषध येईन का ताई?" गोळी तर आहेच, जन्मल्यावर रक्त तपासू, म्हटलं.
पूनमनं माझा हात पोटावर ठेवला. "पाहा न ताई, फिरून राह्यलं."
फिरत होतं खरंच. एव्हाना बाळाची किडनी कामाला लागलेली असते. ती दारं माझ्या तळव्याखाली या क्षणी उघडत असतील, मिटत असतील.
मिटत असतील ना?