सोमय्याचा राहिलेला बार

प्रिय बिद्दू,

तुला आमची तार मिळाली, हे तुझ्या उलट तारेवरून कळलं. 'दुःख झालं, येणं जमत नाही' एवढंच आलं. तारेत शब्द मोजून घालतात, म्हणून मी रागावले नाही. पत्रात मला कुणी मोजायला सांगितलेलं नाही, तेव्हा बैस आणि वाच.

अप्पा गेले ते व्हरांड्यात, बुटाच्या नाड्या बांधताना. बाजारचा दिवस होता. पेन्शनीत निघाल्यापासून दर बाजाराला गळ्यात शिट्टी अडकवून ते गोणिकोप्पलच्या बसस्टँडवर उभे राहायचे, कुणी बोलावलेलं नसताना. "सुभेदार आले रे, जीप मागे घे, नाहीतर कोर्ट मार्शल होईल," अशी पोरं टिंगल करायची, आणि जीप मागे घ्यायचीही. एक कान पासष्टच्या लढाईत गेलेला, त्यामुळे टिंगल त्यांना निम्मीच ऐकू यायची. शाळेत लढाईवर बोलायला बोलवायचे, तर हे पलटणीच्या आचाऱ्याची डाळ कशी करपायची तेवढं सांगून खाली बसायचे. मलाही कधी जास्त सांगितलं नाही. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. दुसऱ्याची मी बांधली, तसं अर्धवट कसं पाठवणार?

मग तुझा चुलतभाऊ कुट्टप्पा त्यांची दुनळी बंदूक घेऊन अंगणात गेला. पहिला बार झाला. दुसऱ्या नळीने नुसतं खट केलं. घरात तिसरं काडतूस नाही. तो मागून आणेपर्यंत दुपार झाली, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं. दोन बार म्हणजे मयत, एक म्हणजे मुलगा झाला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खालच्या घरातली बोळ्ळव्वा मधाची बाटली घेऊन हसतच चढ चढून आली. "कुणाला झाला गं? या घरात तर तुम्ही दोघंच म्हातारी," म्हणाली. मी म्हटलं, "बिद्दूला झालाय, रांचीला. तीन वर्षं झाली. आणि सुभेदार गेले." ती पायरीवरच बसली आणि बाटली मांडीत धरून रडली. मीही तेव्हाच रडले, त्याआधी वेळच मिळाला नव्हता.

सोमय्या झाला तेव्हा इथे बार झाला नाही, हे तुला फार लागलं. फौजेची अकादमी सोडून बँकेत गेलेल्याच्या पोराला बार कशाला, असं अप्पांच्या मनात असणार, असं तू लिहिलंस. मलाही तेच वाटलं होतं. त्या दिवशी भर पावसात ते बंदूक घेऊन मागच्या कॉफीच्या मळ्यात गेले आणि परत येऊन म्हणाले, "काडतूस सर्दावलंय." मी म्हटलं, "काडतूस कसलं, तुमचं मन सर्दावलंय." त्यांना ऐकू आलं नाही की न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. डब्यात तेव्हा तेवढं एकच होतं. नवं आणेपर्यंत तुझं ते पत्र आलं, आणि मग गडी असा ताठला की बंदुकीचं नावच काढेना.

काल कुट्टप्पाने ते न उडालेलं काडतूस माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या पितळी बुडावर चाप ओढल्याचे दोन खळगे आहेत. एक ताजा, कुट्टप्पाचा. दुसरा जुना, काळा पडलेला. फौजी माणूस, टाकवलं नसेल, वाळवून परत डब्यात ठेवलं. बिद्दू, तुझ्या बापाने तुझ्या मुलासाठी चाप ओढला होता रे. ते खरंच सांगत होते.

हे तारेत मावत नव्हतं, म्हणून पत्र. अप्पांचं माद, त्यांचं दिवसकार्य, अकराव्या दिवशी नाही जमलं तर पुढे ढकलू, पण तुझ्याशिवाय करणार नाही. सुनेला आणि सोमय्याला घेऊन ये. कुट्टप्पाने कोरडी काडतुसं आणून ठेवली आहेत. अप्पांची बंदूक घेऊन अंगणात तू उभा राहा आणि एकच बार काढ. बोळ्ळव्वाला मी सांगून ठेवलंय, या खेपेला हसतच वर ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
तुझीच अव्वा