सकाळची जीप

भूम, मंगळवार, दिवेलागण

केनियाची सहल ठरवायला आज सगळे आमच्याकडे जमले होते. सफारीला एकच जीप, आणि घरची माणसं काही तिच्यात मावेनात. यांचे धाकटे बंधू, जळकोटचे भाऊजी, लगेच म्हणाले, "त्यात काय अवघडंय? सकाळी गडीमाणसं जातील, दुपारी बायका." जणू लग्नातली पंगतच उठवायची आहे!

मी म्हटलं, "भाऊजी, सिंह सकाळी हिंडतो. दुपारी झाडाखाली झोपतो."

"मग तर लई बरं, वहिनी. झोपलेला सिंह तुमाला खाणार न्हाय!"

सगळे हसले. हेसुद्धा.

मला सकाळच हवी आहे. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या तासाला सिस्टर एक चित्र फळ्यावर टांगायच्या. कोवळ्या उन्हात, पिवळ्या गवतात उभी असलेली सिंहीण. फ्रॉकमधली पोर होते मी. आता गुडघे दुखतात, पण ते ऊन काही डोळ्यांसमोरून हललेलं नाही. जन्मभर दुसऱ्या पंगतीला निवलेली आमटी जेवले, कधी बोलले का? मग तिथंही उरलेलंच बघायचं?

सांगून टाकलं, "सकाळच्या जीपमध्ये मी बसणार. जागा नसेल तर एकानं उतरा." आणि आत निघून आले.

मागोमाग निखिल आला. पोटचा पोरगा. "आई, काकांना वाईट वाटलं गं."

मला काय वाटलं, ते विचारलंच नाही त्यानं. एकदा विचारलं असतं, तर मी दुपारीसुद्धा गेले असते.

आता नाही. आता सकाळच.