मामाचा फ्लॅश

२ मे
आजपासून फोटोग्राफी. गांभीर्यानं. भाची वैष्णवीचं लग्न अकरा तारखेला, जळकोटात. दाजींनी धाराशिवचा मकबूल फोटोग्राफर ठरवला होता. घरात मामा असताना बाहेरचा कशाला, म्हणून मी तो रद्द करायला लावला. वैष्णवीचा भाऊ दिग्विजय फौजेत. सुट्टी नाही मिळाली. फोनवर म्हणाला, मामा, अंतरपाट खाली येतानाचा एक फोटो तेवढा पाठवा, बाकी काय नको. म्हटलं, निर्धास्त राहा.

४ मे
व्हिडिओ बघून सगळं समजलं. लेन्सच्या भोकाचा आकडा जेवढा लहान, तेवढं भोक मोठं. फ्लॅशच्या ताकदीला अंतरानं भागलं की भोकाचा आकडा येतो. माझ्या फ्लॅशची ताकद चाळीस. सात मीटरवरून काढणार, म्हणजे पाच पॉइंट सहा. लोक उगीच याला कला म्हणतात. भागाकार आहे.

५ मे, सकाळी
बायकोला नवरी करून माजघरात उभं केलं. फोटोत राजेश्वरी पांढरीफटक आली, नाकडोळे गायब. मी फार जवळ गेलो होतो. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट, हे तिला समजावलं. ती म्हणाली, लग्नात तुम्हाला लांब थांबू देतील का? बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

८ मे
फ्लॅशच्या डोक्यालाही झूम असतो! एकशेपाचवर ठेवला की उजेड अरुंद होऊन लांब जातो. तसाच ठेवून लेन्स रुंद केली तर मधे चकाकी, कडेला अंधार. मला रुंद लागणारच नाही. मंडपात टेपनं अंतर मोजून, मी उभा राहणार त्या खुर्चीच्या जागी चुन्याची फुली मारली. गर्दीत बटणं हलतील या धास्तीनं झोप नाही. सगळ्यांवर चिकटपट्टी मारली.

१० मे
ताई म्हणाली, तुझ्यासाठी फेटा आणलाय, मामाचा मान हाय, येळंवर ये. फेट्यानं कॅमेरा डोळ्याला नीट लागत नाही. नंतर बांधतो म्हटलं.

११ मे, दुपारी, मंडपातून
फुलीवर खुर्ची, खुर्चीवर मी. इथून वैष्णवी चौकटीत बरोबर बसते. तिच्या मागची जागा रिकामी आहे. तिथं कोण उभं राहतं, आठवेना.

११ मे, संध्याकाळी
भटजींनी माईकवरून मुलीच्या मामांना बोलावलं. मीही इकडंतिकडं बघितलं. परत बोलावलं. मग वैष्णवीनंच मान वळवून मंडपभर शोधलं, आणि तिची नजर माझ्यावर थांबली. तेव्हा कळलं, ती रिकामी जागा माझीच.
पळत गेलो. तिच्या मागं उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू. सात मीटरचं गणित हातभर अंतरावर आलं. लेन्स रुंद केली. फ्लॅशच्या झूमवरची पट्टी नखानं सोलतोय, निघेना. ताई दातओठ खाऊन पुटपुटली, आरं, ते खाली ठिव. दिग्विजयला शब्द दिलेला, कसा ठेवू? सावधान झालं. अंतरपाट खाली. दाबलं. दुसरा फ्लॅश तयार होईपर्यंत हार घालून झाले होते.

१२ मे
फोटो बघितला. मधोमध पांढरा गोळा. तो नवरदेव. कडेला काळोख. त्यात वैष्णवी असावी. फ्लॅशनं मात्र काम चोख केलं. ताई बोलत नाही.

१३ मे
शेजारच्या धुरपदाबाईंनी मोबाईलवर काढलेला फोटो दाजींनी दिग्विजयला पाठवला. मीही पाहिला. अंतरपाट नुकताच खाली आलाय, वैष्णवी हसतेय, डोळे भरलेत. तिच्या मागं एक माणूस, कॅमेऱ्यात तोंड खुपसलेला.
दिग्विजयचा मला मेसेज आला. फोटो लई भारी, मामा. आभारी हाय. पण तिच्या मागं तो फोटोग्राफर का उभा केला? तुम्ही कुठं होता?
दोनदा उत्तर लिहिलं, खोडलं. वाईट वाटलं, फार वाटलं. शेवटी पाठवलं, सात मीटरवर.