पट्टा आणि पायताण

संतपूर, ता. औराद
४ नोव्हेंबर २०२४

चि. नेत्रावतीस अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या नावानं असलं, तरी घराण्यातल्या त्या सगळ्यांना आहे, ज्यांनी दारात कुत्रं बांधलंय आणि त्याला फिरवायला दुसऱ्याला लावलंय. आपलं सगळ्यांचं रडगाणं एकच. साखर वाढली, गुडघे गेले. अप्पा साखरेनं गेले, थोरली अक्काही. आता तू रांगेत. फोनवर व्हय व्हय म्हणून ठेवून देतीस, म्हणून कागदावर लिहायलोय.

तुझा राजशेखर नोकरीसाठी बेंगळूरला गेला आणि त्याचं लठ्ठ कुत्रं आईच्या गळ्यात घालून गेला. नाव काय, तर बिस्कीट! तुझी चैत्रा सांगत होती, वॉचमन रेवणप्पा त्याला दोन वेळा फिरवतो आणि तू गॅलरीतून हात हलवतीस. व्यायाम रेवणप्पाला, हवा बिस्कीटला, मग तुला काय?

मी अडुसष्टाव्या वर्षी, साखर असून, रोज सकाळी आमच्या करिया कुत्र्याबरोबर शेतापर्यंत जातो. मी थांबलो की तोही थांबतो आणि कामून थांबलाव म्हणून विचारल्यासारखा बघतो. डॉक्टरला फसवता येतं, कुत्र्याला न्हाई.

उद्यापासून पट्टा तू धर. आणि पायातल्या त्या मऊ चपला काढ! आपले आजे-पणजे अनवाणी चालले, त्यांना कुठं होती साखर? सोमवारी शरणबसवेश्वराला अनवाणी जायचा नेम तू सोडलास, तोच पुन्हा धर. दर्शन आणि व्यायाम एका खेपेत होईल. चालत राहा, म्हणजे माया करायला आपण दोघं राहू.

तुझा,
हावगेप्पा अण्णा

---

कलबुर्गी
९ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना नेत्रावतीचा शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र म्हणजे सभाच. वाचताना मीच दोनदा मान हलवली. पत्र देवघरात ठेवलंय.

पहिल्या दिवशी बिस्कीटनं मला फाटकापासून भाजीच्या गाड्यापर्यंत फरफटत नेलं. रेवणप्पानं सगळ्यांसमोर विचारलं की अक्का कुत्र्याला फिरवायल्यात का कुत्रं अक्काला. आता महिना झाला. मी आणि बिस्कीट देवळाच्या तळ्याला रोज एक फेरी मारतो. सोमवारचा अनवाणी नेम आता रोजचाच केलाय. साखर उतरली. बिस्कीटचीही कंबर दिसायलीय.

आणखी एक गंमत. पूर्वी पायाला मुंग्या यायच्या, आता काहीच वाटत न्हाई. खडी टोचत न्हाई, डांबर पोळत न्हाई. माती पाय घट्ट करती, हे तुमचंच खरं. चार दिवस झाले, बिस्कीट माझा डावा तळवा सारखा चाटतो. किती हाकललं तरी परत येतो. चैत्रा म्हणते, लाडावलाय.

करियाला कुरवाळा. असंच रागवत जा, तेवढीच माहेरची माया.

तुमची,
नेत्रा

---

कलबुर्गी
१३ जानेवारी २०२५

ती. मामांना चैत्राचा शि. सा. न.

आईनं लिहू नको म्हणून बजावलं होतं, तरी लिहिते. तिच्या डाव्या तळव्यात काचेचा तुकडा होता. किती दिवस, ते तिलाच ठाऊक नाही. ताप आला तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. डॉक्टरांनी आधी तीन बोटं काढली, आणि सहा दिवसांनी घोट्याच्या वरून पाय.

ते म्हणाले, पायाची जाणीव केव्हाच गेली होती. चालणं चांगलंच होतं, पण अशा माणसानं पायताणाशिवाय घरातही पाऊल टाकू नये. मला वाटलं ते तुम्हाला कळायला हवं. आई म्हणते, अण्णाला सांगू नको, तो बोलायचा थांबेल.

बिस्कीट सकाळी तोंडात पट्टा धरून तिच्या खाटेपाशी बसतो. रेवणप्पा येतो, तर त्याच्याबरोबर जात नाही.

तुमची,
चैत्रा

---

संतपूर
१८ जानेवारी २०२५

चि. नेत्रावतीस.

आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही.

चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून बोललो. कितीदा चुकीचं बोललो असेन. सभेनं टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन विसरली. तू एकटीनं ऐकलंस. शब्दाबरहुकूम चाललीस.

चैत्राचं पत्र वाचल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा माझे तळवे उलटे करून पाहिले. उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला आहे, भोवती पू. कधी मोडला, ठाऊक न्हाई. करियानं आठ दिवस टाच हुंगली होती आणि मी त्याला लाथ मारली होती. उद्या बिदरला दाखवायला जायलोय. आशा धरून जात नाही.

चैत्रा, हे पत्र घराण्यात सगळ्यांना वाचून दाखव. कुत्रं असणाऱ्यांना, नसणाऱ्यांना. माझं पहिलं पत्र देवघरातून काढून फाडून टाक. माझ्याविषयी कुणाच्या मनात माया उरली असेल, तर माझं एवढंच ऐका : आज, उजेड आहे तोवर, आरसा जमिनीवर ठेवा आणि स्वतःचे दोन्ही तळवे बघा.

हावगेप्पा